पाताडे कोच बदलतात

चंद्रप्रकाश पाताड्यांनी आयुष्यात फुटबॉलला एकदाच पाय लावला, तोही चेंडू गटारात जाऊ नये म्हणून. तरी कांजूरमार्ग पूर्वेच्या जय सह्याद्री स्पोर्ट्स क्लबचे ते अध्यक्ष होते आणि कोच कसा असावा याविषयी त्यांचं मत ठाम होतं. कोच नवा असावा. याच्या पुढे त्यांचा अभ्यास गेलेला नव्हता आणि जायला हवा असंही त्यांना कधी वाटलं नाही.

जन्मतः कोणी असा नसतो, असा व्हायला नोकरी करावी लागते. पाताड्यांचे वडील देवगडहून येऊन गिरणीत लागले होते. गिरणी बसली आणि चंद्रप्रकाश कॉलेज सोडून अंधेरीच्या एमआयडीसीत, पंप बनवणाऱ्या एका कंपनीच्या स्टोअरमध्ये चिकटले ते रिटायर होईपर्यंत. तेवढ्या वर्षांत त्यांच्या डोक्यावर मॅनेजर किती आले नि गेले. नवा साहेब आला की सगळे रॅक इकडचे तिकडे हलवायला लावायचा. तो गेला की पुढचा ते परत होते तिथे ठेवायला लावायचा. पाताडे मुकाट्याने हलवायचे. साधा वॉशर द्यायचा तरी वरची सही लागे. शेवटी कंपनीने स्टेजवर बोलावून शाल पांघरली, हातात नारळ दिला आणि घरी पाठवलं. पाताड्यांनी वाकून आभारही मानले. अख्ख्या नोकरीत ते एवढीच गोष्ट शिकले, की सत्कार केला की माणूस जातो आणि जाताना भांडत नाही.

क्लबचं अध्यक्षपद त्यांना मिळालं, कारण मैदानाच्या परवानगीच्या अर्जावर सही करायला दुसरा कोणी रिकामा नव्हता. मग मात्र इतक्या वर्षांची साचलेली साहेबी बाहेर आली. सकाळी चहाबरोबर ते मोबाईलवर परदेशातल्या बातम्या वाचत. इंग्लंडातल्या कुठल्या बड्या क्लबाने मॅनेजर हाकलला की त्यांना स्वतःलाच प्रमोशन मिळाल्यासारखा आनंद व्हायचा.

"बघ अनुपमा, तीन मॅच हरला, काढला. याला म्हणतात निर्णय. ट्यूब लुकलुकली की स्टार्टर बदलायचा."

"आधी वायरिंग बघा," बायको पोळी लाटता लाटता म्हणायची. पण बायकोचं ऐकून कोणी अध्यक्ष झालेलं त्यांच्या ऐकिवात नव्हतं.

पहिला कोच शाळेतला पी.टी.चा मास्तर, माणिक सर. पोरांना ओकारी येईपर्यंत पळवायचे. दोन मॅच हरले आणि वर्धापनदिनाला सरांचा सत्कार झाला. 'फार कडक' असं समितीचं निदान पडलं. म्हणून राजेशला आणला. तो इतका मऊ, की पोरंच त्याला वडापाव आणायला पिटाळायची. गणपतीत त्याला शाल मिळाली. 'फार ढिला' म्हणून त्याच्यामागून लॅपटॉपवाला सुयोग आला. त्याने स्क्रीनवर बाण दाखवले, पोरांनी जांभया दिल्या, आणि 'पुस्तकी' ठरून तोही नारळ घेऊन गेला. दर वेळी कसोटी एकच असे, नवा माणूस जुन्यासारखा नको. संघाला काय हवंय, हे विचारायचं कोणाच्या टाळक्यात आलं नाही. अर्धा आठवडा मैदानावर लग्नाचे मांडव असत, पोरांचे बूट फाटलेले असत, आणि मॅचच्या सकाळी पाताडे स्वतः येऊन टीम बदलत. "त्या मांडववाल्याच्या पोराला पुढे खेळवा, बाप आपल्याला खुर्च्या देतो." मांडववाल्याचं पोर धावताना स्वतःच्याच पायात अडकायचं. मॅच गेली की सुळावर मात्र कोच. चोर सोडून संन्याशाला फाशी देण्यात या समितीचा हात कोणी धरला नसता.

समिती म्हणजे तरी काय, पाताडे आणि डोलणाऱ्या माना. त्यातली सगळ्यात लवचीक मान सचिव सुबोधची. सुबोधचं झेरॉक्सचं दुकान होतं, आणि मतंही तो तशीच काढायचा.

धम्मपाल आला तो दुसरं कोणी मिळेना म्हणून. घाटकोपरला राहायचा, एअरपोर्टच्या कार्गोत शिफ्ट ड्युटी करायचा, एके काळचा गोलकीपर. तोंडाचा तिखट. पहिल्याच मॅचला पाताडे टीम सांगायला गेले तर म्हणाला, "काका, तुम्ही तिकडे सावलीत बसा ना. मी बघतो."

काका! अख्खा क्लब साहेब म्हणत होता आणि हा काका. पाताडे सावलीत जाऊन बसले खरे, पण तो शब्द त्यांना दातात अडकलेल्या सुपारीसारखा टोचत राहिला. त्यात हा मांडववाल्याच्या पोराला बाकावर बसवायचा. वर कहर म्हणजे टीम जिंकायला लागली.

सलग चार मॅच जिंकल्या. चौथीला लीगमधल्या सगळ्यात तगड्या संघाला हरवलं तेव्हा पोरांनी धम्मपालला खांद्यावर घेतलं. पाताडे हार घेऊन उभे होते. तो हार कोणाला घालायचा होता, हे त्यांनी ठरवलेलं नव्हतं, पण घालताना फोटो निघणार हे नक्की ठरवलं होतं. पोरं त्यांना वळसा घालून गेली. रात्री ग्रुपवर फोटो आला. मधोमध धम्मपाल, भोवती पोरं, आणि उजव्या कडेला पाताड्यांचा एक कोपर.

तो कोपर त्यांनी मोठा करकरून पाहिला. झब्बा ओळखू येत होता. बाकी ते कुठेच नव्हते. पुढच्याच रविवारी त्यांनी सुबोधला शाल आणायला सांगितलं.

"पण साहेब, जिंकतोय ना तो?"

"म्हणूनच. सन्मानाने जाऊ दे."

हा माणूस म्हणे क्लब चालवत होता.

सत्काराच्या दिवशी स्टेजवर धम्मपालने शाल घेतली नाही. माईकसमोर उभा राहून त्याने सरळ विचारलं, "शाल राहू द्या. कारण सांगा." इतक्या वर्षांत एकाही कोचने कारण मागितलं नव्हतं, त्यामुळे कारण तयार ठेवायची क्लबात पद्धतच नव्हती. पाताडे म्हणाले, "क्लबला नवी दृष्टी हवी आहे." धम्मपाल स्टेजवरून उतरून निघून गेला. टाळ्या वाजवायच्या की नाही ते न कळून पोरं तशीच बसून राहिली.

पुढचं सांगण्यासारखं फारसं नाही, सगळं नेहमीचंच. दोन कोच आले, दोन गेले, टीम तळाला पोचली. आता लीगमध्ये टिकायचं तर उरलेल्या तीनही मॅच जिंकायला हव्या होत्या. नाही तर क्लब लीगच्या बाहेर, आणि बाहेर म्हणजे मग काहीच नाही. पोरांचा खेळ बंद, आणि लीगच्या वार्षिक सभेत बिल्ला लावून पहिल्या रांगेत बसणंही बंद. पाताड्यांची झोप उडाली ती बिल्ल्याने.

कोच शोधायला समितीने मुलाखती ठेवल्या. येणारा पहिला प्रश्न उलट हाच विचारी, "आधीचा किती टिकला?" एक जण तर म्हणाला, "शाल आत्ताच देऊन टाका ना, मागाहून कशाला धावपळ?" एकाला पाहून समिती म्हणाली, हा बोलतो धम्मपालसारखं, नको. दुसऱ्याला पाहून म्हणाली, याच्यात धम्मपालची धमक नाही, नको. चौथ्या दिवशी सुबोधच्या तोंडून आयुष्यातलं पहिलं स्वतःचं वाक्य निघालं. "साहेब, आपल्याला अगदी धम्मपालसारखा माणूस पाहिजे, पण तो धम्मपाल नको." नंतर तो स्वतःच दचकला.

घरी अनुपमाने ताट वाढता वाढता विषय संपवला. "ज्याका काढलात त्याकाच आणा. जावा, पाय धरा नायतर हात धरा. पोरांची वाट लावलात तुम्ही."

पाताडे घाटकोपरला गेले. धम्मपालची बायको संघमित्रा हिने चहा दिला, पण ती आत गेली नाही, दाराशी उभी राहून ऐकत होती. पाताड्यांनी क्लबची परंपरा, पोरांचं भवितव्य, खेळाडूवृत्ती असलं बरंच काही चहात बुडवून पुढे केलं.

"येतो," धम्मपाल म्हणाला. "पोरांसाठी येतो. एकच करायचं. पोरांसमोर उभं राहून सांगायचं, मला का काढलं."

"आता कशाला जुनं? समितीने ठरवलं होतं..."

"समिती सोडा काका. तुम्ही ठरवलं. तुम्हीच सांगा."

"अरे, पण गरज काय?"

तेव्हा संघमित्रा बोलली. "गरज आम्हाला आहे. जिंकणाऱ्या माणसाला कोण काढतं? लोक म्हणतात, काहीतरी केलंच असणार. पैसे खाल्ले असतील, पोरावर हात टाकला असेल. आमच्यासारख्याच्या बाबतीत लोक कारणासाठी थांबत नाहीत, स्वतःच लावून घेतात. कार्गोतसुद्धा विचारलं ह्यांना."

पाताडे कपातल्या सायीकडे बघत राहिले. आपण एका माणसाच्या अंगावर काय टाकून आलो, हे त्यांना त्या क्षणी कळलं. खरंच कळलं. दुर्दैव एवढंच, की कळलेलं त्यांच्यात फार वेळ टिकत नसे. "रविवारी सांगतो," ते म्हणाले.

शनिवारभर त्यांनी आरशासमोर सराव केला. दोनच लहान वाक्यं होती. "पोरांनो, धम्मपालची काही चूक नव्हती. फोटोत मी आलो नाही, म्हणून मी त्याला काढलं." अनुपमाने मोरीतून ते ऐकलं. एवढ्या वर्षांत प्रथमच तिला नवऱ्याचा थोडा अभिमान वाटला. दुसऱ्या दिवसासाठी तिने त्यांचा झब्बा स्वतः इस्त्री केला.

रविवारी सकाळी मैदानावर पोरं अर्धगोल करून बसली होती. खाडीकडून वारा होता, त्यामुळे तिथल्या कचऱ्याच्या डम्पिंगचा वास सुटला होता, पण त्याची तिथे कोणालाच पर्वा नव्हती. धम्मपाल बॅग खांद्याला लावून गोलपोस्टपाशी उभा होता. बॅग त्याने अजून खाली ठेवली नव्हती. सुबोध आणि समिती खुर्च्यांवर बसली होती, खुर्च्या अर्थातच मांडववाल्याच्या.

"पोरांनो," पाताडे म्हणाले, "धम्मपालची..."

पोरं बघत होती. कोणी हसत नव्हतं. खरं सांगायचं तर हसलंही नसतं कोणी. त्या पोरांना मॅच खेळायची होती, त्यांना कोणाच्या कोपराशी काही घेणं नव्हतं. दोन वाक्यं बोलायची, घरी जायचं, आणि क्लब वाचला असता, धम्मपालच्या नावावरचा डाग गेला असता. जन्मात पहिल्यांदा पाताडे साहेब म्हणण्याजोगे झाले असते. वाक्य ओठापर्यंत आलंही होतं. पण तेवढ्यात त्यांची नजर खुर्च्यांकडे गेली. तिथल्या माना डोलायला तयार होत्या. आपण हे बोललो तर त्या कशा डोलतील, हे त्यांच्या डोळ्यांपुढे आलं, आणि ते सहन होईना.

"...धम्मपालची आणि क्लबची काही तांत्रिक कारणांमुळे ताटातूट झाली होती," ते म्हणाले. "झालं गेलं गंगेला मिळालं. आज आपण त्यांचं पुन्हा स्वागत करू या."

सुबोधने टाळ्या वाजवल्या. समितीने त्याच्यामागून वाजवल्या.

धम्मपालने बॅगेचा पट्टा सारखा केला आणि तो मैदानाच्या फाटकाकडे चालू लागला. आधी गोलकीपर उठला. त्याने हातमोजे काढून बाकावर ठेवले आणि तो त्याच्यामागे गेला. मग दोघे, मग चौघे, मग सगळेच. मांडववाल्याचं पोर जरा वेळ घुटमळलं. बापाच्या खुर्च्यांकडे एकदा बघून तेही पळत सुटलं, आणि त्या दिवशी एकदाही अडखळलं नाही.

मैदान रिकामं झालं. पाताड्यांना राग आला नव्हता, लाजही वाटली नव्हती. त्यांच्या चेहऱ्यावर एक विचार हळूहळू उजळत होता. घरी अनुपमा वाट बघत असेल, सांगितलंत का म्हणून विचारील, याची त्यांना आठवणसुद्धा नव्हती.

"सुबोध," ते म्हणाले, "आपण इतके दिवस उगाच कोचच्या मागे लागलो होतो."

"हो साहेब," सुबोध म्हणाला. त्याला वाटलं, आता साहेबांना कळलं.

"पोरंच बदलायला हवीत."