तणमोराबद्दल विचारायचं राहून गेलं

मागच्या आठवड्यात घाटंजीच्या पुढच्या एका गावात गेलो होतो. बऱ्याच वर्षांनी गेलो... आणि गेल्यापासून नीट झोप नाही. म्हणून लिहितोय.

मी यवतमाळला कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतो. सरकार दर काही वर्षांनी धोक्यात असलेल्या प्राण्या-पक्ष्यांच्या यादीचा आढावा घेतं. कोण अजून टिकून आहे, कोण यादीत वर न्यायचं, कोणाचं नाव काढायचं, हे ठरवायला गावोगावची माहिती लागते. आमच्या भागातले काही फॉर्म भरायचं काम माझ्याकडे असतं.

पहिल्यांदा हे काम केलं तेव्हा मी नवीन होतो, उत्साही होतो. तणमोर नावाचा गवताळ रानातला पक्षी या बाजूला अजून आहे का, एवढंच गावकऱ्यांना विचारायचं होतं.

पण साल कापसाचं होतं... म्हणजे कापूस गेल्याचं. बोंडअळीनं वावरंच्या वावरं पोखरली होती. भाड्याची जीप, काचेवर ‘शासकीय काम’ असा कागद, माझ्या हातात पॅड. गाडी समाजमंदिरासमोर थांबली आणि पाच मिनिटांत चाळीस माणसं गोळा झाली.

एका म्हाताऱ्यानं माझ्यासमोर बोंड फोडून धरलं. आत काळपट भुसा आणि एक गुलाबी अळी. “पाहा साहेब, सारं असंच हाय,” तो म्हणाला. “नुकसानीचे पाहणीवाले तुमीच ना?”

त्या तोंडांकडे बघून मला ‘मी पक्षी विचारायला आलोय’ असं म्हणवेना. आणि तोंडून गेलं... “हो, पाहणीच चालू आहे.”

मग काय, तासभर मी नावं लिहीत बसलो. कमलाबाई नावाची एक बाई तर हट्टानं नाल्यापलीकडे तिच्या वावरात घेऊन गेली. एकेक झाड वाकवून दाखवत होती, मी मान हलवत होतो. धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या पलीकडे गुडघ्याएवढं गवत पसरलं होतं. तिथंही मी तिला काही विचारलं नाही.

रात्री खोलीवर फॉर्म भरला. ‘माहिती नाही’ लिहिलं असतं तर का नाही, असा प्रश्न वरून आला असता. मी ‘आढळ नाही’वर खूण केली. नावांचा कागद कुणालाच दिला नाही... द्यायचा तरी कुणाला होता? महिनाभरानं फाडून टाकला.

आता पुन्हा आढावा सुरू झाला, पुन्हा तेच गाव माझ्या वाट्याला आलं. या वेळी एकटाच मोटरसायकलवर गेलो. पहिल्याच घराच्या ओट्यावर कमलाबाई तूर पाखडत बसली होती. केस पूर्ण पांढरे झालेले, पण मी लगेच ओळखलं.

तिनंही ओळखलं. “तुमी कापसाच्या पाहणीले आलते ना साहेब? माह्या वावरात?”

मी हो म्हणालो. तिनं सूप खाली ठेवलं आणि अगदी साध्या आवाजात सांगितलं... “तुमी गेल्यावर पंधरा दिसानं तलाठी पंचनाम्याले आले. मी लेकीच्या गावाले होती. दिरानं त्यायले सांगतलं, आमचं वावर पाहून झालं, मोठे साहेब नाव लिवून गेले. तलाठी पुढं गेले. मंग भरपाईच्या यादीत आमचं नावच नाही आलं. अजून चार-पाच घरायचंही तसंच झालं.”

मला हे माहीत नव्हतं. इतकी वर्षं मी समजत होतो, की माझ्या त्या खोटं बोलण्यानं कुणाचं काही बिघडलं नाही. उलट लोकांना तेवढाच धीर आला असेल, असंही कधीकधी मनाला सांगायचो.

मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. “मावशी, मी पाहणीवाला नव्हतो. एका पाखराबद्दल विचारायला आलो होतो. तुम्हा सगळ्यांकडे बघून सांगायची लाज वाटली.”

तिनं पदरावरचा भुसा झटकला. मग म्हणाली, “कोनतं पाखरू?”

मोबाईलवर फोटो दाखवला. काळा नर, डोक्यामागे बारीक तुरे. तिनं फोन लांब धरून पाहिला. “तणमोर हाय हा. आमच्या धुऱ्यापलीकडच्या गवतात राहे. श्रावणात उड्या मारे, गवतातून वर येऊन पुन्हा खाली. त्या सालीही होता.”

“आणि आता?”

“आता कुठचा. गवत मोडलं, तिथं सोयाबीन हाय. लय वर्षं झाली, दिसला नाही.” फोन माझ्या हातात देत ती म्हणाली, “काहून नाही विचारलं भाऊ? मी दाखवलं असतं ना. पाखराचं विचाराले कायची लाज? कापूस गेलता, आमचे डोये थोडीच गेलते.”

मला तिच्याकडे बघवेना. “माझ्यामुळे तुमचं...” एवढंच म्हटलं. ती आत गेली. मला वाटलं, आता दार लावून घेईल. पण ती चहा घेऊन आली.

परत आल्यावर आढाव्याच्या कार्यालयाला पत्र लिहिलं. या गावाची मागची नोंद चुकीची आहे, मी विचारलंच नव्हतं, पक्षी तेव्हा तिथं होता आणि आता दिसत नाही. माझ्या नावानं, माझ्या सहीनं. त्या पत्रानं गवत परत येणार नाही. भरपाईच्या यादीतून सुटलेल्या घरांचं नुकसानही त्यानं भरून निघणार नाही, हे मला कळतं.

त्या दिवशी कमलाबाईनं मला चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. तिनं चहात साखर बरोबर आहे का, एवढंच विचारलं... आणि मी हो म्हणालो.