शिंपीकाकांच्या चष्म्याचा नंबर

आमचं चष्म्याचं दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. स्वयंपाकघराचा पडदा बाजूला केला की काउंटर. त्यामुळे बावीस वर्षांत माझ्या नवऱ्याने गिऱ्हाइकांशी घातलेला प्रत्येक वाद मी भाजी चिरता चिरता ऐकला आहे. कुणी म्हणालं, "अहो, यातून नीट दिसत नाही," की यांचं उत्तर ठरलेलं. "चष्मा बरोबर आहे. डोळ्यांना सवय होऊ द्या." आपली चूक असू शकते हे या माणसाने गिऱ्हाइकासमोर कधी कबूल केलं नाही, माझ्यासमोर तर नाहीच नाही. सासूबाई म्हणायच्या, सुंभ जळेल पण पीळ जायचा नाही. बाजारात यांना सगळे 'नंबर'च म्हणतात.

वरच्या वस्तीवर डोंगर खचला तेव्हा वाचलेली माणसं शाळेत आणली. शाळा भरली तशी ती घराघरांत वाटून घेतली. आमच्याकडे एक म्हातारे शिंपी आले, एकटेच. त्यांची बायको सापडली नव्हती.

पहिले दोन दिवस मला फार वाईट वाटलं. मग कामच इतकं झालं की वाटायचं थांबलं. सकाळी शाळेत चहा पोचवायचा, दुपारी तिथल्या चादरी धुवायच्या, आणि इकडे दुकानात ही रांग. घर पडत असताना चष्मा कोण उचलतो? लोकांनी दिलेल्या जुन्या फ्रेमी घेऊन हे त्यांत काचा बसवत होते, सकाळपासून दिवेलागणीपर्यंत. समोरचा माणूस रडत असायचा आणि हे म्हणायचे, "वरची ओळ वाचा." मीही तशीच झाले होते. एक बाई म्हणाली, घरातले तिघे गेले. मी विचारलं, चहात साखर किती?

शिंपीकाकांना जवळचा चष्मा पहिल्याच दिवशी दिला. त्यांना तो लागणारच होता. कचेरीत फोटो लावले होते, सापडलेल्या पण ओळख न पटलेल्या माणसांचे. चेहऱ्यांचे नव्हेत. चेहरे दाखवण्यासारखे नव्हते. कपड्यांचे होते. एखादी बाही, एखादा खिसा, बटणं. शनिवारी दुपारपर्यंत कुणी ओळखलं नाही, तर सगळ्यांचे अंत्यसंस्कार एकत्रच, नावाशिवाय होणार होते.

सोमवारी काका कचेरीत जायला निघाले आणि दारातूनच मागे फिरले.

"भाऊ, नंबर चुकलाय वाटतं. पुसट दिसतंय."

यांनी पुन्हा तपासलं. "बरोबर आहे, काका."

"नाही हो. सगळं हलतं."

यांनी काच बदलली. मंगळवारी काका पुन्हा आले. बुधवारी पुन्हा.

बुधवारी संध्याकाळी मी अंथरुणं घालत होते. माझ्या उशीचा अभ्रा कोपऱ्यात उसवला होता, आज शिवू उद्या शिवू करत सहा महिने गेले होते. तो शिवलेला होता. तांदळाच्या कणीएवढे टाके, आणि शेवटी तीन टाके उलटे, एकावर एक, दोरा सुटूच नये म्हणून. सुई माझ्याच डब्यातली. हातच्या कांकणाला आरसा कशाला? मी अभ्रा नेऊन काउंटरवर टाकला.

"तुमचा नंबर चुकला म्हणे."

यांनी त्या शिवणीवरून अंगठा फिरवला. "मला माहीत आहे. कालपासून मी काच बदलतच नाहीये. पुसतो आणि तीच परत बसवतो."

"मग चारचौघांत ऐकून का घेता?"

"मग काय सांगू त्यांना? काका, तुम्हाला दिसतंय म्हणून?"

गुरुवारी शाळेत चहा देऊन येताना मी कचेरीत शिरले. अकरावा फोटो एका निळ्या बाहीचा होता. उसवलेली बाही हाताने परत लावलेली. बारीक टाके, आणि शेवटी तीन उलटे. मी तिथे उभी राहिले. मला काही वाटलं नाही. भाजी घ्यायची राहिली एवढंच आठवलं. ती घेतली आणि घरी आले.

यांना सांगितलं. म्हटलं, "सांगून टाकते मी त्यांना. शनिवार तोंडावर आलाय."

"तू सांगितलंस तर ते तुझं ऐकलेलं होईल. त्यांचं त्यांना बघू दे."

"आणि नाहीच बघितलं तर?"

यांनी पुढची काच पुसायला घेतली. मला राग आला. तिकडे एका बाईचं नाव पुसलं जायची वेळ आली होती आणि हा माणूस काचा पुसत बसला होता. मी बजावलं, शनिवारी अकरापर्यंत थांबेन, पुढे एक मिनिट नाही.

शुक्रवारी दुकान गच्च भरलेलं असताना काका आले. "भाऊ, अजून जमत नाही."

हे सगळ्यांदेखत म्हणाले, "माझीच चूक आहे, काका. नंबर चुकला माझा. आज नीट बघतो."

मी पडद्याआड विळीवरचा हात थांबवला. शेजारचा किराणावाला हसत म्हणाला, "अरे नंबर, मग आमचेही तपास की परत." संध्याकाळपर्यंत खरोखरच सात जण जुने चष्मे घेऊन आले. यांनी एकेक तपासून परत दिला. एकाही चष्म्यात चूक नव्हती.

शनिवारी दहाला काका बाहेर आले. आंघोळ झालेली, केस विंचरलेले, नाकावर चष्मा.

"वहिनी, येता का बरोबर?"

कचेरीत त्यांनी फोटो पहिल्यापासून बघितले, एकही न गाळता. अकराव्यावर बोट ठेवलं.

"ही मीच लावलीय. तिला खांद्यात घट्ट व्हायची, म्हणून एक बोटभर कापड सोडलं होतं."

कारकुनाने नाव विचारलं. काकांनी पूर्ण नाव सांगितलं. मग टेबलावर वाकून, त्याने लिहिलेलं अक्षर न् अक्षर वाचून बघितलं.

परत आलो तर दुकानात रांग होती. मला वाटलं काका सरळ आत जातील. ते काउंटरपाशी थांबले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "चष्मा पहिल्या दिवसापासून बरोबर होता. यांची चूक नव्हती. मीच बघत नव्हतो."

यांनी हात पुढे केला.

"द्या, पुसून देतो."

काकांनी चष्मा काढून दिला. आज काचा खरंच ओल्या होत्या.