चाँदभाईंनी घरची गाडी निवडली

परळीत जुनी गाडी घ्यायची झाली तर लोक आधी चाँदभाईंना विचारतात आणि मग बायकोला सांगतात. चाँदभाई मिस्त्री गाडी बघतात, मी कागदपत्रं बघतो. आरसी बुक, विमा, आधीचे मालक किती, हे माझं खातं. मी निवृत्त मास्तर, दुसरं काही येत नाही. अकरा वर्षं आमची ही जोडी जमलेली आहे आणि खरं सांगायचं तर आता मला तिचा कंटाळा आलाय. रविवार उजाडला की कुणीतरी दारात उभं असतं. "सर, चला की जरा, दोन घंट्याचं काम हाय." दोन घंट्यांचं काम दोन घंट्यांत झालेलं मी तरी अजून बघितलेलं नाही.

चाँदभाईंना बासष्टावं लागलंय. धर्मापुरीकडे जाणाऱ्या रस्त्याला त्यांचं गॅरेज, आणि त्याच्या मागेच घर. चाळीस वर्षं त्यांनी गाड्यांखाली उताणं पडून काढली. छाती घरघरते. थर्मल वीजकेंद्राची राख आम्हा सगळ्यांच्याच छातीत आहे, त्यांच्या छातीत वरून डिझेलही आहे. गाडीखालून बाहेर आले की थोडा वेळ तिथेच जमिनीवर बसून राहतात, उठायचं जिवावर येतं म्हणून. मी हात दिला तर म्हणतात, "ऱ्हाऊ द्या सर, तुमचंच कंबरडं मोडायचं."

गाडी बघताना ते तोंडातून शब्द काढत नाहीत. कारण विकणारा गावातला, घेणाराही गावातला, आणि दोघांच्या गाड्या उद्या त्यांच्याच गॅरेजला येणार. म्हणून त्यांनी एक रीत पाडून घेतलीय. सगळं बघून झालं की फडक्याला हात पुसायचे. फडकं खांद्यावर टाकलं तर गाडी घ्या. खिशात कोंबलं तर चहा प्या आणि घरी चला. ही खूण आता विकणाऱ्यांनाही पाठ झालीय. चाँदभाई हात पुसायला लागले की विकणारा माणूस त्यांच्या तोंडाकडे न बघता खिशाकडे बघत बसतो. तरी चाँदभाई बोलत नाहीत ते नाहीतच.

त्यांचा मुलगा तन्वीर माझा विद्यार्थी. पुण्यात कंपनीत आहे. बायको फरजाना, मुलगी उज्मा. फेब्रुवारीत त्याचा फोन आला तेव्हा मी गॅरेजातच बसलो होतो. चाँदभाईंनी स्पीकर चालू केला, कारण हाताला ग्रीस होतं.

"अब्बा, मोठी गाडी घ्यायचीय. फोर बाय फोर. डोंगर, जंगल, नदी, कुठूनबी जाणारी. वर्षातून दोनदा सगळे मिळून फिरायचं. तुमी, अम्मी, आमी तिघं. अख्ख्या परळीला गाड्या निवडून दिल्या, आता आपल्या घरची निवडा."

चाँदभाईंनी फोन ठेवला आणि बराच वेळ त्याच हातांनी डोकं खाजवत बसले. केसांना सगळं ग्रीस लागलं.

पहिली सफर कुठं करायची हे मात्र ठरलेलंच होतं. चाँदभाईंच्या बायकोला, आमिनाबीभाभींना, महाबळेश्वर बघायचं होतं. त्यांना कुणीतरी सांगितलं होतं की तिथे मे महिन्यातही रात्री अंगावर पांघरूण घ्यावं लागतं. परळीच्या मे महिन्यात आयुष्य काढलेल्या बाईला ही गोष्ट खरीच वाटेना. "सर, तुमी शिकलेले हाव, खरं सांगा, मे महिन्यात?" त्यांनी मला तीनदा विचारलं. परळीबाहेर त्या लांबात लांब गेल्या त्या संभाजीनगरला, दोनदा, आणि दोन्ही वेळा दवाखान्यात. सत्तावन्न वर्षांच्या झाल्या तरी त्यांनी आजवर स्वतःसाठी काही मागितल्याचं मला आठवत नाही. हे एक मागितलं. तन्वीरने मे महिन्यातल्या चार दिवसांच्या खोल्या ठरवूनही टाकल्या.

मग आमचे रविवार सुरू झाले. तन्वीर त्यासाठी पुण्याहून यायचा. पहिल्या रविवारी बीडला गेलो. गाडी अशी चकचकीत की तन्वीर तिथेच फोटो काढायला लागला. चाँदभाईंनी बॉनेट उघडलंच नाही. मागच्या सीटवर बसले आणि सीटबेल्ट पार शेवटपर्यंत ओढून बाहेर काढला. पट्ट्याच्या टोकाला वाळलेल्या गाळाची रेघ होती. गाडी कुठल्यातरी पुरात बुडालेली. फडकं खिशात गेलं, आम्ही चहा प्यालो.

दुसऱ्या रविवारी अंबाजोगाई. एका ठेकेदाराची गाडी, टायर एवढे मोठे की बाजूला उभा राहिलो तर मीच बुटका दिसावा. पण चारी चाकं ओढायला लावणारा लीव्हर जागचा हलेना. "कधी वापरलाच नाही हो," ठेकेदार अभिमानाने म्हणाला. डोंगर चढणारी गाडी घ्यायची आणि लग्नाच्या वरातीत मिरवायची, ही आपल्याकडची तऱ्हा. मला तर असा संताप आला की मी त्याचे कागद उघडलेच नाहीत.

त्या रात्री जेवताना माझी बायको वनिता म्हणाली, "भाभींना नेलंत का एकदा तरी गाडी बघायला?"

"गाडी बघायला बायका कशाला?" मी म्हणालो. "पेढे वाटताना येतात की."

 तिने भाजी वाढली आणि उठून गेली.

तिसरी गाडी बीडजवळच्या पालीला मिळाली, एका डॉक्टरची. पांढरी, उंच, सात जणांची. चाँदभाई तासभर तिच्याखाली पडून होते. नंतर त्यांनी ती तिथल्या धरणाच्या बाजूच्या मुरमाच्या उतारावर नेली, लीव्हर टाकला आणि चढावर मध्येच थांबवून पुन्हा उचलली. गाडी घसरली नाही. खाली उतरून त्यांनी बॉनेटवर हात ठेवला आणि तो तिथेच राहू दिला. फडकं खांद्यावर गेलं तेव्हा तन्वीरने बापाला मिठी मारली. चाँदभाईंना एवढं खूश झालेलं मी कधी बघितलं नव्हतं.

तिथेच थांबले असते तर बरं झालं असतं. पण तन्वीरला गाडी अजून दोन इंच उंच पाहिजे होती, म्हणजे नदीतल्या गोट्यांना बूड घासणार नाही. चाँदभाईंना ते पटलं. मिस्त्री म्हणून ते बरोबरच होतं. आठ दिवस राबून त्यांनी स्प्रिंगा बदलल्या. दरवाज्याखाली चढायला दोन्ही बाजूंनी पायदान होतं, तेही काढून टाकलं, कारण गोट्यांना आधी तेच अडकतं. या वयात, त्या छातीने, एकट्याने. मी म्हणालो, "चाँदभाई, गॅरेजातली पोरं बघतील की." ते म्हणाले, "न्हाई सर, ह्या गाडीत आमिना बसणार हाय. एक नट ढिला ऱ्हायला नको."

भाभी रोज दोनदा चहा घेऊन गॅरेजात यायच्या. एके दिवशी कप ठेवून गाडीकडे बघत म्हणाल्या, "लई उंच हाय की हो."

"हाय का न्हाई?" चाँदभाई गाडीखालून म्हणाले. त्यांना ती तारीफ वाटली. मलाही तशीच वाटली. भाभी रिकामे कप घेऊन गेल्या.

निघायच्या दिवशी सकाळी सहाला मी आणि वनिता निरोप द्यायला गेलो. घरी ते आपापसात त्यांची दखनी बोलतात, आमच्यासमोर मराठी. त्या दिवशी दोन्हीचा गोंधळ चालला होता. डबे भरले, पाण्याचे कॅन चढवले. तन्वीर स्टिअरिंगवर बसला, फरजाना आणि उज्मा मागे चढल्या. भाभी नवा बुरखा घालून दरवाज्यापाशी आल्या. त्यांनी हँडल धरलं, उजवा पाय उचलला, आणि पाय अर्ध्यावरच थांबला.

"अम्मी, जोर लावा," फरजाना वरून म्हणाली आणि तिने हात दिला. चाँदभाईंनी मागून आधार दिला. पाय काही वर जाईना. तन्वीरने घरातून प्लास्टिकचं स्टूल आणलं. भाभी स्टूलवर चढता चढता गुडघा धरून "या अल्ला" म्हणाल्या आणि खाली बसल्या. समोरच्या चहाच्या टपरीवरची माणसं कप हातात धरून बघत होती. मला त्या सगळ्यांना हाकलून द्यावंसं वाटलं.

तन्वीर म्हणाला, "अम्मी, मी उचलून बसवतो. त्यात काय?"

"आन उतरताना? चहाला थांबला, नमाजाला थांबला, बाईमाणसाला रस्त्यात कुठं जावं लागलं, तवा? दरवेळी मला पोत्यावानी उतरवणार का सगळ्या दुनियेसमोर?" भाभींचा आवाज चढला नाही. नुसताच थकलेला होता. "तुमी जावा. पोरीची सुट्टी हाय. खोल्या घेतल्यात."

चाँदभाई म्हणाले, "मी न्हाई जात."

तेव्हा मात्र त्या चिडल्या. "कावून न्हाई जात? आठ दिवस मेला तुमी त्या गाडीखाली. जावा म्हणते ना!"

मागे उज्मा रडायला लागली. तिला गप्प करायचं म्हणून असेल, चाँदभाई गाडीत चढले. गाडी गेली. चढ असो की खड्डा, अंग न हलवता गेली. काम चोख झालं होतं, ते तर मीही सांगेन. वनिता भाभींना धरून आत घेऊन गेली आणि मी गॅरेजाच्या बाकावर बसून राहिलो. कुठे जायची इच्छाच होईना.

अर्ध्या तासाने चाँदभाई रस्त्याने चालत परत आले. हातात काही नव्हतं.

"काय झालं? गाडीत काही निघालं का?"

"गाडीला काय धाड भरलीय," ते म्हणाले. "मीच उतरलो. पोरं गेली."

ते थेट घराच्या अंगणात गेले. मी मागोमाग. भाभी बाजेवर पाय पसरून बसल्या होत्या, वनिता गुडघ्याला तेल चोळत होती. नवऱ्याला बघून भाभींनी पदर सारखा केला. चाँदभाईंनी भिंतीकडेला पडलेल्या विटांतली एक वीट उचलली आणि बाजेसमोर आडवी ठेवली.

"चढ बरं हिच्यावर."

"काय येडेपणा लावलाय सरांसमोर?"

"चढ तर."

भाभी त्यांच्या खांद्याला धरून उभ्या राहिल्या आणि विटेवर चढल्या. चाँदभाईंनी त्यांना खाली उतरवलं आणि पहिलीवर दुसरी वीट ठेवली. भाभी ओठ दाबून कशाबशा चढल्या. त्यांनी तिसरी ठेवली. या वेळी पाय उचलला गेला आणि खाली आला. पुन्हा उचलला, पुन्हा खाली आला. भाभींच्या कपाळावर घाम आला होता.

चाँदभाई खाली बसले आणि त्या तीन विटांकडे बघत राहिले. गाडीचा दरवाजा जमिनीपासून किती उंच, हे त्यांना पाठ होतं. परळीतल्या कुठल्या गाडीचं काय झिजलंय, कधीपासून झिजलंय, हे त्यांना झोपेतही सांगता येईल. मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं. अकरा वर्षं मी या घरात चहा पितोय, आणि भाभी कप द्यायला वाकताना भिंत धरतात, हे मला आत्ता आठवत होतं.

"कवापासून हाय हे?" त्यांनी विचारलं.

भाभी बाजेवर टेकल्या. जरा विचार केला.

"उज्मा झाली तवापासून."

उज्मा आता नऊ वर्षांची आहे.