प्रश्न न विचारणारी फ्लॉपी

माझा नवरा आधी मॉनिटरला मारायचा आणि मग मला. मॉनिटर त्या माराने कधीकधी सुधारायचा, त्यामुळे त्याचा या उपायावरचा विश्वास पक्का झाला होता.

नव्वदच्या दशकात डोंबिवलीला, मानपाडा रोडवरच्या आमच्या दोन खोल्यांपैकी बाहेरच्या खोलीत डीटीपीचं काम चालायचं. लग्नपत्रिका, संस्थांचे अहवाल, आणि गणपती संपले की दिवाळी अंक. मजकूर मी टाइप करायचे, जाहिराती तो लावायचा. आतल्या खोलीत सासूबाई. वीज न सांगता जायची. मशीन चालू असताना गेली, की परत आल्यावर ते सुरू होता होता मध्येच अडकून बसायचं. मग सगळी सिस्टिम पुसून नव्याने टाकायची, आणि ते काम माझं, कारण कॉम्प्युटरचा क्लास मी केला होता.

त्या वेळी हे काम म्हणजे फ्लॉप्यांची ही चळत. एक काढा, दुसरी घाला, आणि दर पायरीला पडद्यावर प्रश्न. कुठे टाकू, कोणता प्रिंटर, नक्की ना? माझ्या मानेमागे नवऱ्याचा श्वास. "झालं का? अजून किती?" घाईघाईत चुकीची कळ दाबली जायची आणि सगळं पहिल्यापासून. एकदा त्या घाईत मी मराठी फाँट टाकायला विसरले. मजकुराच्या जागी नुसते चौकोन दिसले, तेव्हा त्याने माझे केस धरून डोकं टेबलाच्या कडेवर आपटलं. पुढचा दात अर्धा तुटला. अजूनही विचार करताना माझी जीभ तिथे जाते.

सासूबाईंनी हळद दाबून धरली. त्या मूळच्या रत्नागिरीकडच्या, मोजकं बोलणाऱ्या. त्यांच्या उजव्या कानाची पाळी फाटलेली होती. ती सासऱ्यांनी फाडली होती, कुडी घालून असताना.

"मशीन बिघडू देऊ नकोस गो," त्या म्हणाल्या. "ते बिघडलं की याचं डोकं फिरतं."

मला ते पटलं, याचा आज राग येतो. पण तेव्हा पटलं. माराचं कारण सापडलं होतं आणि कारण दुरुस्त करण्यासारखं होतं! मी कंबर कसली. क्लासच्या सरांना विचारून हार्ड डिस्कचे दोन कप्पे केले. पहिल्यात सिस्टिम, दुसऱ्यात आमचं काम, आणि त्या कामाशेजारीच धडधाकट सिस्टिमची अख्खी प्रत, फाँट आणि प्रिंटरसकट. मग एक फ्लॉपी तयार केली. ती घालून मशीन सुरू केलं, की पहिला कप्पा आपोआप पुसला जायचा आणि दुसऱ्यातली प्रत तिथे उतरायची. शेवटी मशीन एकदा टुण्ण वाजायचं. फ्लॉपी काढायची, कुठलीही कळ दाबायची, की सुरुवातीची धून वाजून मशीन हजर. चहा उकळेपर्यंत काम फत्ते. मधले सगळे प्रश्न मी काढून टाकले होते, 'नक्की पुसू का?' हासुद्धा. मागे मारणारा माणूस उभा असताना प्रश्न नको वाटतात.

नवऱ्याला एवढंच सांगितलं, की तुमच्या जाहिराती दुसऱ्या कप्प्यात ठेवत जा. "तू मला शिकवणार?" असं म्हणून त्याने माझा दंड पिरगाळला आणि जाहिराती पहिल्यातच ठेवल्या. तेव्हापासून फ्लॉपी वापरायच्या आधी त्याच्या जाहिराती मीच गुपचूप पलीकडे हलवून ठेवायचे.

मशीन आता रुसलं तरी लगेच उठायचं. मार थांबला नाही. आमटी पातळ झाली, माहेरून ठाण्याहून भाऊ न कळवता आला, गिऱ्हाईकाशी हसून बोलले, काहीही चालायचं. एकदा तर त्याने कारणच सांगितलं नाही. तेव्हा मी खरी घाबरले. कारण दुरुस्त करून झालं होतं आणि माझ्याकडे दुसरं काही उरलं नव्हतं.

खंडेनवमीला सासूबाईंनी कॉम्प्युटरची पूजा मांडली. मॉनिटरला झेंडूची माळ, कीबोर्डला हळदकुंकू, छपाईचे ब्रोमाइड कागद कापायच्या स्टीलच्या पट्टीलासुद्धा. मग मला म्हणाल्या, "तुझी ती औषधाची चकती आण. तिलाही लावूया." मी फ्लॉपी दिली. त्यांनी तिच्या लेबलवर कुंकवाचं बोट टेकवलं. पूजलेलं हत्यार त्या दिवशी चालवायचं नाही आणि इकडेतिकडे टाकायचंही नाही, म्हणून पूजा झाल्यावर, मी करायचे तशीच, त्यांनी ती मशीनच्या खाचेत सरकवून ठेवली. मी तेव्हा पुरणाकडे होते.

दसऱ्याला सकाळी नवऱ्याने अंघोळ करून, नमस्कार करून, स्वतःच्या हाताने बटण दाबलं. मी आतून त्याची हाक ऐकली तोवर पडद्यावर पांढऱ्या ओळी धावत होत्या. दिवाळी अंकाच्या सगळ्या जाहिराती गेल्या होत्या.

"काय केलंस तू? काय केलंस?"

पट्टी त्याच्या हाताशीच होती. पहिला फटका खांद्यावर बसला, दुसरा आडवा, धारेने, भुवईवर. डोळ्यात गरम काहीतरी उतरलं. मी खाली बसले तशी त्याने कमरेत लाथ घातली. हळूहळू, दम खात मारत होता. लाकूड फोडतात तसं.

सासूबाई दारात आल्या. उभ्या आयुष्यात त्या मध्ये पडल्या नव्हत्या.

"तिने नाही," त्या म्हणाल्या. "चकती मी घातली रे. काल, पूजेनंतर. मला मार."

तो थांबला. आईकडे बघितलं. ऐकलं होतं त्याने, नीट समजलंही होतं. चूक कोणाची, ते आता खोलीतल्या तिघांनाही माहीत होतं.

"तू आत जा," तो आईला म्हणाला, आणि परत माझ्याकडे वळून पट्टी उचलली.

तेवढ्यात मशीन टुण्ण वाजलं. एका डोळ्याने मला दिसलं ते असं: सासूबाई आत गेल्या नाहीत. त्या टेबलापाशी गेल्या, फ्लॉपी काढली आणि एका बोटाने कीबोर्डवरची एक कळ दाबली. त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. मी ते इतकं सोपं करून ठेवलं होतं, की नुसतं बघून येत होतं.

धून वाजली. नवरा गर्रकन वळला. पडदा लख्ख, नवाकोरा उभा होता. त्याला वाटलं असावं, सगळं परत आलं. पट्टी टाकून तो खुर्चीत बसला आणि जाहिराती शोधायला लागला.

सासूबाईंनी दाराची कडी आवाज न करता काढली. पदराने माझी भुवई पुसली आणि फ्लॉपी माझ्या मुठीत दिली.

"ऊठ," त्या म्हणाल्या. "शोधतोय तोवर जा."

मी अनवाणी जिना उतरले. वरून त्याच्या हाका यायला लागल्या, आधी मला आणि मग आईला.