पेडलला पंचामृत

मी वादकांसाठी पेडल बनवतो. दोन्ही हात कीबोर्डवर गुंतलेले असताना पायाखालचं बटण दाबायचं, की बासरीचा आवाज जाऊन व्हायोलिनचा येतो. ज्याचा जसा पाय, तसं त्याचं पेडल. लालबागच्या माझ्या खोलीत पायांची किती घाण येते म्हणून सांगू! मळ, नखं, पानाची पिंक, एकदा तर सुकटीचं डोकं. पण त्या पेडलपुढे हे सगळं चंदन.

दसरा होऊन गेला होता. माझं जुनं गिऱ्हाईक, एक कीबोर्डवाला, सकाळीच घामाघूम होऊन आला. संध्याकाळी दादरला कार्यक्रम, एका मोठ्या गायिकेबरोबर पहिलाच, आणि पेडल ठार बंद.

"आज हे नाही चाललं, तर माझ्या जागी लॅपटॉपवाला येईल रे."

मी तळाचे स्क्रू काढले आणि नाकाला रुमाल लावला. आत दह्यावर हिरवी बुरशी. मधात रुतून मेलेल्या मुंग्या. मधोमध पाय वर केलेलं झुरळ आणि त्याच्या पोटावर तुळशीचं पान, जणू नैवेद्यच! आंबूस भपका असा, की शेजारच्या मसाल्याच्या गिरणीचा ठसकाही हरला.

"हे काय आहे?"

"पंचामृत," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "दसऱ्याला आईने अभिषेक केला. म्हणाली, वर्षभर वाद्याला पाय लावतोस, एक दिवस तरी पाप धुऊन काढ."

"आणि तू बघत बसलास?"

"एक पळी तर घातली रे!"

मी त्याच्याच फोनवरून आईला विचारलं. माऊली अभिमानाने म्हणाली, "पळी कसली? चांगली दोन वाट्या. केळंही कुस्करलं होतं."

ते केळं मला बटणांच्या पट्टीखाली सापडलं. काळं, लिबलिबीत, बोटाला तार धरणारं. दोनदा मी मोरीकडे धावलो. झुरळाची तंगडी चिमट्याने ओढली, ती तुटून हातात आली. मग सर्किट स्पिरिटने धुतलं, बटणं सगळी नवी घातली. तो बॅटरी धरून शेजारी उभा, तोंड दुसरीकडे. आई त्याची, आणि किळस मला!

संध्याकाळी मी विंगेत उभा राहिलो. त्याने चपला काढल्या, पेडलला हात लावून नमस्कार केला आणि बटण दाबलं. व्हायोलिन वाजलं. माझा जीव भांड्यात पडला.

पण पेडलच्या लाकडी चौकटीत मुरलेलं तूप कुठे जाणार? दिव्यांच्या उष्णतेने दुसऱ्या गाण्यापर्यंत ते जागं झालं. गायिकेने आलाप अर्ध्यात आवरला, नाक आक्रसलं आणि शेजारच्या बासरीवाल्याच्या मोज्यांकडे जळजळीत नजर टाकली.

कार्यक्रम संपल्यावर ती कीबोर्डवाल्याला म्हणाली, "पुढच्या वेळीही तूच ये." आणि बासरीवाल्याला, "तुम्ही मात्र मोजे धुऊन या."

तो भला माणूस कोपऱ्यात जाऊन स्वतःचे पाय हुंगत बसला. कीबोर्डवाल्याने माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे. मग दोघांनी मिळून पेडल घाईघाईने पिशवीत कोंबलं.