सोनगीरची रेघ

गेल्या सोमवारपर्यंत हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. बायकोलाही नाही. आता तुम्हाला सांगतो — आणि खरं म्हणजे ताठ मानेनं सांगतो.

जळगावात ठिबकचे पाइप विकणाऱ्या एका पेढीत मी नेटवर्क बघतो. चाळीसगावला, सोनगीरला आमचे डेपो. सहा वर्षांपूर्वी मी सगळ्या कॉम्प्युटरांवर काउंटर लावले — दर सेकंदाला किती डेटा आला, किती गेला, ते मोजणारे. शेठजींच्या केबिनमध्ये भिंतीवरच्या स्क्रीनवर त्याचा आलेख, प्रत्येक डेपोची एक रेघ. हौस एवढी, की यादीत दिसले तेवढे सगळे काउंटर टिक केले. गरज होती का? छे.

आठवड्याभरात इंटरनेटची लाइन तुंबली. बिलं निघेनात. सोनगीरची रेघ सगळ्यात वर — आणि सोनगीरला होते नाना. पन्नाशीनंतर कॉम्प्युटर शिकलेले, जेवणाच्या सुट्टीत कुस्त्यांचे व्हिडिओ बघणारे. शेठजींनी विचारलं, कोण? मी त्या रेघेवर बोट ठेवलं. शनिवारी नानांचा कॉम्प्युटर काढला, त्यांना गोडाऊनला पाइप मोजायला बसवलं.

सोमवारी लाइन तशीच. मग मी — सहजच — एक काउंटर ठेवून बाकीचे बंद केले. रेघ धाडकन खाली आली. माझे ते आकडे दर सेकंदाला जळगावला ओढून आणण्यातच लाइन संपत होती. गुन्हेगार शोधणारा मी, आणि गुन्हेगारही मीच. बोललो का? नाही. सगळे म्हणाले, नाना हलले नि लाइन सुटली. माझा सत्कार झाला. शाल घेतली मी.

गेल्या सोमवारी महिन्याची मीटिंग होती. नानांना मुद्दाम बोलावून घेतलं. सगळ्यांसमोर जुने काउंटर पुन्हा टिक केले. सोनगीरची रेघ चढत गेली, थेट माथ्याला टेकली. तिकडून फोन — बिल अडकलं. मी म्हणालो, बघा, हा मी. काउंटर काढले, रेघ खाली. पुन्हा लावले, पुन्हा वर. तीनदा दाखवलं. काय सांगू — त्या रेघेला चढताना बघून जेवढा आनंद झाला तेवढा आयुष्यात कधी झाला नव्हता. नाना निर्दोष. भिंतीवर, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत.

शेठजींनी तिथल्या तिथे नानांचा कॉम्प्युटर परत द्यायला सांगितलं. नानांनी मला एवढंच विचारलं, "हाई तुले तवय बी माहीत व्हतं?"

होतं, म्हणालो.

नानांच्या निवृत्तीला आठ महिने आहेत. सहा वर्षं त्यांनी पाइप मोजले, आणि ती सहाच्या सहा वर्षं मला माहीत होतं.