पिवळ्या साडीचे तीन वाटाडे

भाचीच्या लग्नात मामा म्हणून माझ्याकडे दोनच कामं होती. तिला पिवळी साडी द्यायची आणि मंगलाष्टकांच्या वेळी तिच्या पाठीशी उभं राहायचं. मामाकडची पिवळी साडी नेसून नवरी गौरीहर पुजते, मग मुहूर्त. म्हणजे साडी पोचल्याशिवाय पुढचं काही हलणार नाही. फॉल-पिकोवाल्याने ती आदल्या दिवशीपर्यंत अडकवून ठेवली, त्यामुळे लग्नाच्या दिवशी ती बायकोच्या मांडीवर होती आणि आम्ही दिल्लीतल्या द्वारकेहून निघालो होतो. मुहूर्त दुपारचा, जागा बिजवासनकडचं एक फार्महाउस. घरापासून फार लांबसुद्धा नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे जे झालं त्याचं खापर अंतरावर फोडता येत नाही.

गाडीत माणसं चार आणि वाटाडे तीन. काचेला रबरी वाटीने चिकटवलेलं जीपीएसचं यंत्र माझं. करोल बागेत सीटकव्हर घ्यायला गेलो होतो आणि हे घेऊन आलो. "नेटवर्क हो ना हो, ये चलता रहेगा साहब," असं दुकानदार म्हणाला होता. ते खरं निघालं. ते चालतच राहतं. त्यातले नकाशे अधूनमधून नवे भरायचे असतात हे त्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मागच्या सीटवर, बायकोशेजारी, मुलगी आणि तिचा फोन. माझ्या बाजूला बाबा आणि त्यांच्या मांडीवर पसरलेला कागदी नकाशा. दिल्लीला बदली झाली तेव्हा त्यांनी तो घेतला. घड्यांवर चिकटपट्टी, आणि त्या चिकटपट्टीवर आणखी चिकटपट्टी. या नकाशात द्वारका नाहीच. बाबांच्या हिशेबाने आम्ही शेतात राहतो.

"लेफ्ट," मुलगी म्हणाली.

"आगे से दाएँ मुड़ें," यंत्रातली बाई म्हणाली.

"सरळ," बाबा म्हणाले. "पुढे फाटक लागेल."

"आजोबा, तिथे कधीचा अंडरपास झालाय."

"फाटक आहे. मी तासन् तास थांबलोय तिथे."

"अहो," मागून बायको म्हणाली, "इंडिकेटर उजवा आणि गाडी डावीकडे. मागचा शिव्या देतोय."

"मग मी ऐकू कुणाचं?"

"माझं तर कधी ऐकलं नाहीत, आज कशाला सुरुवात करता?"

मी सगळ्यांचा मान राखत गाडी चालवत होतो. म्हणजे एक वळण मुलीचं, एक बाईचं, आणि बाबांसाठी अधूनमधून उगाच वेग कमी. तरीही मुलीच्या फोनने आम्हाला एका उंच भिंतीपाशी आणून सोडलं.

"पोचलो," ती म्हणाली. "हेच आहे."

समोर मोठं फाटक, अर्धवट उघडं. शिडीवर एक माणूस कापड बांधत होता. विजेच्या माळा गुंडाळी करून जमिनीवर पडलेल्या. बँड नाही, घोडी नाही, जनरेटरची घरघर नाही. इतकी वर्षं दिल्लीतली लग्नं जेवलोय मी. लग्नघर दुरून दिसतं, नाहीतर कानात शिरतं. इथे तर कावळासुद्धा हळू बोलत होता. मी काच खाली करून गार्डला विचारलं, "भैया, शादी यहीं है क्या?"

"शाम को है जी. रात को आना."

"ऐकलंस?" मी मुलीकडे वळलो. "हा तुझा फोन!"

"पण पप्पा, लोकेशन आत्यानेच पाठवलंय यार."

"आत्याला पाठवता येतं का कधी नीट?"

मग मी कारभार यंत्रातल्या बाईंकडे दिला. पैसे मोजून आणलेल्या माणसावर विश्वास टाकावा, असं काहीतरी मी बोललोही. बाईंनी आम्हाला दोन अरुंद गल्ल्यांतून, एका नाल्याच्या कडेने, विटांच्या ढिगाला वळसा घालून नेलं आणि घोषणा केली, "आप अपनी मंज़िल पर पहुँच गए हैं." समोर पाच-सहा म्हशी बसल्या होत्या. त्यांच्यामागे मोहरीचं पीक.

बाबांनी नकाशावर बोट टेकलं. आवाजात असा आनंद की मला स्टिअरिंगवर डोकं आपटावंसं वाटलं. "बघ. शेत! दाखवलंय की नाही?"

तेवढ्यात मुलीचा फोन वाजला. भाची होती. मुलीने स्पीकर लावला.

"मामा, कुठे आहेस यार? गुरुजी म्हणतायत कुणाचीही पिवळी साडी नेस आणि बस पूजेला. मी नाही बसणार. तुझीच नेसणार."

"आलोच बेटा."

"तू मघापासून आलोच आहेस!" तिचा आवाज जरा फुटला. मग तिच्या हातून माझ्या बहिणीने फोन घेतला.

"दादा, तू गेटपर्यंत येऊन परत गेलास का रे? गार्ड सांगतोय, एक गाडी आली होती, आत चार लोक आपसात भांडत होते. मी म्हटलं, हे आमचेच."

"अगं पण तिथे काहीच नव्हतं! ना बँड, ना लाइट..."

"भर दुपारी कसली लाइट? मराठी लग्न आहे ना आपलं! समोरचं गेट रात्रीच्या पार्टीवाल्यांचं. आपण बाजूच्या फाटकाने आत."

दुपारच्या मुहूर्ताला म्हणून नटूनथटून निघालेले आम्ही चौघंही, दारात रोषणाई नाही म्हणून परत फिरलो होतो. मुलगी खिडकीबाहेर बघत होती. एखादा टोमणा मारला असता तर बरं वाटलं असतं. बाबा मात्र शांतपणे नकाशाची घडी घालत म्हणाले, "फाटक लागेल, असं मी पहिल्यापासून म्हणत होतो."

मी यंत्र काचेवरून उपटलं आणि डॅशबोर्डच्या कप्प्यात कोंबलं. आतून दबलेला आवाज आला, "जहाँ संभव हो, यू-टर्न लें." त्या दिवशीचा बाईंचा एवढाच सल्ला बरोबर होता. म्हशींनी सावकाश जागा दिली तेव्हा तो पाळलाही.

"आता सांग," मी मुलीला म्हणालो.

"ऐकाल?"

"ऐकेन."

बाजूच्या फाटकाशी बहीण उभीच होती. गाडी थांबायच्या आत बायकोने दार उघडलं आणि साडी छातीशी धरून ती आत धावली. मी पार्किंग शोधून, घाम पुसून मंडपात पोचलो तेव्हा भाची गौरीहरासमोर बसली होती. पिवळ्या साडीच्या निऱ्या घाईत वरखाली झालेल्या, पण साडी माझीच. गुरुजींनी माझ्याकडे असं पाहिलं की मी उगाचच एका खुर्चीची दिशा बदलली.

मग अंतरपाट धरला. मी भाचीच्या मागे उभा राहिलो.

"मामा," मान न वळवता ती पुटपुटली, "आलास ना?"

"आलो."

"अक्षता संपेपर्यंत आता इथून हलू नकोस. प्लीज."

सकाळपासून मिळालेली ही पहिलीच सूचना होती जिच्यावर कुणाचं दुमत नव्हतं. मी हललो नाही.